परदेशातून बुद्धमूर्ती आणताना

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ साली भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली व त्यात त्यांचा पराभव झाला, हे आपल्या जिल्ह्यातील लहानथोरांना ठाऊक आहे. त्याच वर्षाच्या शेवटी बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले. तेथून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळील देहूरोड येथे स्वहस्ते केली. नागपूरची धम्मदीक्षा व्हायला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. समुद्रापलीकडील बौद्ध देशातून मूर्ती आणून आपल्या वस्तीत बसविण्याची परंपरा अशी खुद्द बाबासाहेबांच्या हातून आलेली आहे.

पुढे हा संबंध वाढतच गेला. कामठीचे ड्रॅगन पॅलेस १९९९ साली जपानच्या ओगावा सोसायटीच्या साहाय्याने उभे राहिले. आपल्या पवनी तालुक्यातील रुयाड येथील महास्तूपामागेही जपानी उपासकांचा स्नेह आहे. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत थायलंडच्या भिक्खूंची धम्मपदयात्रा परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत गेली, आणि त्यानंतर तर गावोगावच्या मंडळांना थायी मूर्तीची ओढ लागली. आपल्या समाजबांधवांपैकी कोणी सहलीला बँकॉकला जातो, तेथील विहारात ओळख होते, एखादा दाता म्हणतो, "तुमच्या विहाराला आम्ही मूर्ती देतो." झाले! गावात पत्र वाचले जाते आणि पौर्णिमेची तारीख ठरते.

येथेच आमचे काम सुरू होते आणि येथेच आमची एक चूकही सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एका मंडळाला असे पत्र आले. आम्ही बँकेत नोकरीला, म्हणून कार्यकर्ते विचारायला आले की, "दादा, यावर काही टॅक्स वगैरे लागेल काय?" आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले, "अहो, दान आहे ते. दानाला कसली ड्युटी?" मूर्ती बंदरात उतरली. मंडळाकडे एकही कागद धड नव्हता. पत्रके वाटून झाली होती, भोजनदानाचे धान्य जमा झाले होते, आणि मूर्ती मात्र न्हावाशेवाच्या गोदामात भाडे खात पडून राहिली. बुद्धपौर्णिमा जुन्या मूर्तीसमोरच साजरी झाली. शेवटी मूर्ती सुटली तेव्हा मजूर बायाबापड्यांनी दहा-दहा, वीस-वीस रुपये करून जमविलेल्या विहाराच्या निधीतील मोठा भाग दंडात व भाड्यात गेला होता. कोणी आम्हाला बोलले नाही, पण पुढे कित्येक दिवस त्या विहारात जाताना आमची मान वर होत नसे. त्यानंतर हा विषय आम्ही मुळापासून समजून घेतला. जे समजले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहोत.

पहिली गोष्ट ही की, श्रद्धेच्या दृष्टीने ती तथागतांची मूर्ती असली तरी सीमाशुल्क कायद्याच्या दृष्टीने तो 'माल' आहे. १९६२ चा सीमाशुल्क कायदा माल विकत घेतला की दानात मिळाला असे विचारत नाही, माल देशात आला काय, एवढेच विचारतो. त्यामुळे दात्याने किंमत घेतली नाही तरी त्याला इन्व्हॉइस म्हणजे किमतीचा कागद द्यावाच लागतो. 'किंमत फक्त सीमाशुल्कासाठी' असे त्यावर लिहितात. काही दाते भोळेपणाने त्यावर एक डॉलर लिहून पाठवितात. त्याने काम सोपे होत नाही, उलट अधिकाऱ्याला संशय येतो आणि तो स्वतः किंमत ठरवितो. खरी किंमत लिहिलेलीच बरी.

शुल्काचा हिशेब पाहू. मूर्तीची किंमत, विमा आणि जहाजभाडे या तिन्हींची बेरीज म्हणजे शुल्काचा पाया. विम्याचा आकडा कळत नसेल तर नियमाप्रमाणे किमतीच्या १.१२५ टक्के धरतात, भाडे कळत नसेल तर २० टक्के धरतात. या पायावर मूळ शुल्क, मूळ शुल्कावर लागू असेल तेथे १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी. समजा मूर्ती २ लाखांची, भाडे व विमा ३० हजार. पाया २ लाख ३० हजार झाला. केवळ उदाहरणासाठी मूळ शुल्क १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरू. मूळ शुल्क २३,०००, अधिभार २,३००, आयजीएसटी ४५,९५४, एकूण ७१,२५४ रुपये. व्यापारी आयजीएसटीची रक्कम पुढे वळती करून घेतो. आपले मंडळ जीएसटीत नोंदलेले नसते, त्यामुळे आपल्याला ती सोसावीच लागते. दोन लाखांच्या 'फुकट' मूर्तीमागे असे सत्तर हजार उभे असतात, आणि जहाजभाडे दात्याने दिले असले तरी हा आकडा बदलत नाही.

प्रत्यक्षातला दर मूर्ती कशाची आहे त्यावर ठरतो. पितळ वा अन्य साध्या धातूची मूर्ती शुल्कपत्रकाच्या ८३०६ या शीर्षकाखाली येते, लाकडाची ४४२० खाली, आणि कलावंताची मूळ शिल्पकृती ९७०३ खाली. म्हणून 'बुद्धमूर्ती १ नग' एवढेच लिहून भागत नाही. धातू कोणता, पोकळ की भरीव, उंची किती, वजन किती, हे इन्व्हॉइसवर स्पष्ट असावे. शिवाय भारत व आसियान देशांतील मुक्त व्यापार करार थायलंडच्या बाबतीत १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्याखाली काही मालाला मूळ शुल्कात सवलत मिळते, परंतु त्यासाठी माल थायलंडातच बनल्याचे ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र दात्याने तेथूनच काढून पाठवावे लागते. ते माल निघतानाच काढून घ्यावे, मागाहून मिळविणे फार त्रासाचे. संपूर्ण माफी हवी असल्यास कायद्याच्या कलम २५(२) खाली केंद्र सरकार अपवादात्मक परिस्थितीत विशेष आदेश काढू शकते. त्याचा अर्ज मूर्ती निघण्यापूर्वी करायचा असतो, आणि आदेश मिळेलच असे धरून चालू नये.

'भेटवस्तू म्हणून पाठवा, मग काही लागत नाही' असा सल्ला देणारे अजूनही भेटतात. पूर्वी टपालाने वा विमानाने येणाऱ्या लहान भेटवस्तूंना काही मर्यादेपर्यंत शुल्कमाफी होती, हे खरे. पण डिसेंबर २०१९ पासून तो मार्ग बंद झाला. जीवरक्षक औषधे आणि राखी एवढेच अपवाद राहिले. बहिणीच्या धाग्याला सूट आहे, मूर्तीला नाही.

आता त्याहून महत्त्वाचा कायदा. आमच्या अनुभवात मंडळांना याचीच कल्पना नसते. विदेशी अंशदान नियमन कायदा, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, तो पूर्वी १९७६ चा होता. त्या जागी २०१० चा कायदा आला आणि १ मे २०११ पासून लागू झाला. या कायद्यात 'अंशदान' म्हणजे केवळ पैसा नव्हे. परदेशी दात्याने संस्थेला दिलेली वस्तूसुद्धा अंशदानच आहे. म्हणजे नोंदणी नसताना परदेशी नागरिकाकडून वा परदेशी विहाराकडून मंडळाने मूर्ती दानात घेतली, तर कायद्याचा भंग होतो. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी असावी लागते आणि त्या तीन वर्षांत उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला असावा लागतो. आपल्या जिल्ह्यातील किती मंडळे यात बसतील, हे वाचकांनीच पाहावे. जी बसत नाहीत त्यांना कलम ११ खालील पूर्वपरवानगीचा मार्ग आहे. ठराविक दात्याकडून, ठराविक कामासाठी, ठराविक मूल्याचे दान घेण्याची ती परवानगी असते आणि अर्जासोबत दात्याचे वचनपत्र जोडावे लागते. रोख देणगी घ्यायची असेल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर ती फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घेता येते. तेव्हा 'विहाराच्या गावच्या खात्यात टाका' असे परदेशी पाहुण्याला कृपया सांगू नये.

एक दिलासा मात्र आहे. आपला भाचा-पुतण्या परदेशात नोकरीला असेल आणि त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याने स्वतःच्या कमाईतून दिलेले दान परदेशी अंशदान ठरत नाही. त्याने तेथील नागरिकत्व घेतले असेल तर मात्र ठरते. आणि मंडळाने स्वतःच्या पैशाने मूर्ती रीतसर विकत घेतली, तर ते दान नसून खरेदी होते आणि एफसीआरएचा प्रश्न उरत नाही. आमचे मत विचाराल तर लहान मंडळांनी हाच मार्ग धरावा. पैसा बँकेतून जातो, पावती मिळते, माल आल्याचा कागद बँकेला दाखविला की काम संपते. देणाऱ्याचा मोठेपणा त्यात नसेल, पण पुढे कोणाच्या घरी नोटीस येत नाही.

कागदांविषयी आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण आमचा रोजचा संबंध त्यांच्याशीच येतो. आपल्या मंडळांची तीन-तीन नावे असतात. विहाराच्या पाटीवर एक, रबरी शिक्क्यावर दुसरे आणि धर्मादाय आयुक्तांच्या प्रमाणपत्रावर तिसरे. गावात हे चालून जाते. जहाज कंपनीकडे आणि कस्टम्सकडे चालत नाही. आयात करणाऱ्याला आयईसी क्रमांक लागतो. आता तो आणि पॅन एकच असतो, पण काढावा लागतोच. प्रमाणपत्र, पॅन, बँक खाते, आयईसी, इन्व्हॉइस आणि बिल ऑफ लेडिंग या सगळ्यांवर मंडळाचे नाव अक्षरशः एकच हवे, इंग्रजी स्पेलिंगसकट. अध्यक्ष बदलून चार वर्षे झाली पण चेंज रिपोर्ट मंजूर नाही, अशी स्थिती असेल तर सही कोणाची चालणार? हा प्रश्न मूर्ती समुद्रात असताना सोडवता येत नाही.

बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाज कंपनीने माल ताब्यात घेतल्याची पावती. पण ती नुसती पावती नसते, मालावरचा हक्कही तिच्यातच असतो. साधारणतः तिच्या तीन मूळ प्रती निघतात. मूळ प्रत कंपनीला परत केल्याशिवाय डिलिव्हरी ऑर्डर मिळत नाही. खरेदीच्या व्यवहारात हीच प्रत विक्रेत्याच्या बँकेकडून आपल्या बँकेकडे येते, आपण पैसे भरतो आणि बँक प्रत हाती देते. दोन्ही बाजूंचा भरवसा यात राहतो. विमानाची एअरवे बिल ही पावती मात्र हक्काचा कागद नव्हे. तिच्यावर ज्याचे नाव त्याला माल मिळतो. हा फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

जहाज घ्यावे की विमान? मूर्तीच्या बाबतीत उत्तर बहुधा जहाजच. विमानात वजनापेक्षा जागेचे भाडे जबर पडते. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागतात. हा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त आला तर भाडे त्याच आकड्यावर. फायबरची १५० किलोची मूर्ती १२० × १०० × १८० सेंटिमीटरच्या पेटीत बसविली, तर भाडे ३६० किलोचे लागेल. जहाजात तीच पेटी २.१६ घनमीटर धरली जाते. एवढ्याशा मालासाठी अख्खा कंटेनर घेत नाहीत, इतरांच्या मालासोबत जागा घेतात. मोठी मूर्ती असेल तर २० फुटी कंटेनर. त्याच्या दाराची उंची सुमारे २.२८ मीटर असते, म्हणजे साडेसात फूट. आठ फुटांची मूर्ती उभी जाणार नाही, हे मूर्ती घडविण्यापूर्वीच ध्यानात यावे.

पेटी लाकडाची असल्यास लाकडावर उष्णताप्रक्रिया वा धुरी केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा, नाहीतर लाकडातल्या किडीच्या भीतीने माल अडतो. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर नेण्यास तेथील ललितकला विभागाचा परवानाही लागतो. तो दात्याने किंवा विक्रेत्याने काढायचा. काही मंडळे मूर्तीसोबत श्रीलंकेहून बोधिवृक्षाचे रोपही मागवितात. रोपाला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आधी आयात परवाना आणि तेथील रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. पिशवीत गुंडाळून आणलेले रोप विमानतळावरच जप्त होऊ शकते.

थायलंडहून न्हावाशेवाला जहाज दोन-तीन आठवडे घेते, वाटेत माल दुसऱ्या जहाजावर चढवावा लागला तर अधिक. पूर्ण कंटेनर असेल तर तो सीलबंद स्थितीत रेल्वेने नागपूरच्या कंटेनर डेपोत आणून तेथे सोडविता येतो. नागपूर आपल्याला साठ किलोमीटर, धावपळ सोपी जाते. इतरांसोबत आलेला सुटा माल बहुधा न्हावाशेवाजवळच सोडवून ट्रकने आणावा लागतो.

बंदरावरच्या खर्चाचे दोन प्रकार नीट समजून घ्यावेत. लग्नासाठी आपण डेकोरेशनवाल्याकडून गंज-कढया आणतो आणि सांगितलेल्या दिवशी परत केल्या नाहीत तर तो दुसऱ्या दिवसाचे भाडे लावतो. कंटेनर हा जहाज कंपनीचा गंज आहे, उशिराचे भाडे ती लावते, त्याला डिटेन्शन म्हणतात. आणि गोदामाच्या जागेचे भाडे वेगळे, ते डेमरेज. दोन्ही एकाच वेळी चालू राहतात. त्यात बिल ऑफ एंट्री हा कस्टम्सचा अर्ज जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचा असतो. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि नंतर रोज १०,००० रुपये आकार लागू शकतो. उशिराचे कारण पटले तर अधिकारी तो माफ करू शकतात, पण तसे लेखी मांडावे लागते. तीस दिवसांत माल सोडविला नाही तर नोटीस देऊन तो विकण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. मूर्ती लिलावात! आमच्या परिचयातील ते मंडळ या टोकापर्यंत आले नाही, एवढेच नशीब.

दाता जेव्हा 'न्हावाशेवापर्यंतचा खर्च आमचा' असे लिहितो, तेव्हा शुल्क, बंदरातील हाताळणी, डिलिव्हरी ऑर्डर, क्लिअरिंग एजंटची फी आणि पुढचा ट्रक हे सारे आपल्यावर असते. हा आकडा एजंटकडून आधी लेखी मागवावा आणि तो कार्यकारिणीसमोर ठेवल्यावरच दात्याला होकार कळवावा. जाता जाता एक सांगतो. क्लिअरिंगच्या या धंद्यात आपली मुले जवळजवळ दिसत नाहीत. आवश्यक अनुभव घेऊन आणि परीक्षा देऊन पदवीधराला कस्टम्स ब्रोकरचा परवाना मिळू शकतो, तिकडेही पाहायला हरकत नाही.

विम्याचे महत्त्व सांगायला बाबासाहेबांच्याच चरित्रातील प्रसंग आहे. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांनी आपले ग्रंथ व सामान थॉमस कुक कंपनीमार्फत वेगळ्या बोटीने पाठविले होते. महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडविली आणि पोटाला चिमटा घेऊन जमविलेली पुस्तके समुद्रतळाशी गेली. कंपनीकडून भरपाईचे ६०० रुपये मिळाले आणि त्याच पैशांवर ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू होण्यास जाऊ शकले. पुस्तके परत आली नाहीत, पण भरपाई मिळाली म्हणून पुढचे पाऊल अडले नाही.

आजच्या सागरी विम्यात ए, बी, सी अशा तीन अटी असतात. 'ए' सर्वांत व्यापक. मूर्तीसाठी तीच घ्यावी, कारण बोट, कान, उष्णीष असे नाजूक भाग हाताळणीत तुटतात आणि 'सी' मध्ये तशी तूटफूट बसत नाही. युद्धाची जोखीम मात्र 'ए' मध्येही नसते, ती वेगळी घ्यावी लागते. जहाज संकटात सापडले आणि ते वाचविण्यासाठी खर्च झाला, तर ज्यांचा माल सुखरूप आहे त्यांनाही वाटणी द्यावी लागते, असा समुद्राचा जुना कायदा आहे. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' जहाज अडकले तेव्हा मालकाने हीच वाटणी जाहीर केली होती. विमा असला तर ती विमा कंपनी भरते.

आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. येथे पितळेची मूर्ती समुद्रापलीकडून यावी याचे आम्हाला कधीकधी नवल वाटते. असो. धम्मबंधूंच्या स्नेहाची खूण म्हणून तिचे मोल वेगळे.

शेवटी ट्रक विहाराच्या दारात येतो. बँड असतो, फुले असतात, आणि सगळ्यांना पेटी उघडण्याची घाई असते. तेव्हा दोघांनी बाजूला उभे राहून आधी बंद पेटीचे चारही बाजूंनी फोटो घ्यावेत आणि पेटी फुटलेली वा ओली दिसल्यास ट्रकवाल्याच्या पावतीवर तसा शेरा लिहून मगच सही करावी. आत काही तुटलेले निघाले तर पेटी, भुसा, पट्ट्या काहीही फेकू नये, विमा कंपनीच्या सर्व्हेअरला त्याच दिवशी कळवावे आणि जहाज कंपनीला तीन दिवसांच्या आत लेखी पत्र द्यावे. त्या पत्राची पोच आमच्यासारख्या एखाद्या कारकुनाकडे फाईलला लावून ठेवावी.